एक चित्रपुस्तक, सहा दिवस: लहान मुलांना वाचन-लेखन शिकवताना पाळायचा क्रम

चित्रपुस्तक हातात आले की बहुतेक पालक आणि बालवाडीच्या बाई पहिल्याच दिवशी मुलाचे बोट ओळीवर ठेवतात आणि ‘वाच’ म्हणतात. मूल पहिल्याच शब्दावर अडते, मोठे माणूस तो शब्द सांगून टाकते, मूल तो मागून म्हणते आणि पंधरा मिनिटांत पुस्तक ‘संपते’. दुसऱ्या दिवशी नवे पुस्तक येते. अशी पंधरा-वीस पुस्तके हाताखालून गेलेले मूल पुढे ओळखीचीच ओळ दुसऱ्या कागदावर लिहून दिली, तर वाचू शकत नाही, आणि मग दोष मुलाच्या आळसाला दिला जातो. सोलापूरच्या पूर्व भागात दर शनिवारी मुलांबरोबर वाचन घेताना सुरुवातीचे काही महिने मीही हेच करत होते. दोष क्रमाचा आणि घाईचा असतो. एकच पुस्तक किमान सहा दिवस हातात राहिले पाहिजे, प्रत्येक दिवसाचे काम वेगळे असले पाहिजे आणि त्या कामांचा क्रम बदलता कामा नये, एवढे सांगण्यासाठी हा लेख आहे.

खालील पद्धत साधारण ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. दररोज २५ ते ३० मिनिटे पुरतात. गटात आठपेक्षा जास्त मुले घेऊ नयेत, कारण नवव्या मुलाला चित्र नीट दिसत नाही आणि ज्याला दिसत नाही ते मूल शेजाऱ्याच्या खोड्या काढू लागते.

पूर्वतयारी

पुस्तक निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पानावर एक किंवा दोनच ओळी असाव्यात, अक्षर ठळक असावे, शब्दांमध्ये स्पष्ट जागा असावी आणि एकाच धाटणीचे वाक्य थोड्या बदलाने पुन्हा पुन्हा यावे. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तके स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुक्त परवान्याची मराठी पुस्तकेही मिळतात, ती उतरवून घेऊन छापता येतात. छापण्यापूर्वी मात्र ‘ल’ आणि ‘श’ कसे दिसतात ते पाहावे. मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरावा, असे २००९ च्या शासन निर्णयात ठरले आहे, परंतु अनेक टंकांत (फॉन्टमध्ये) ही अक्षरे हिंदी वळणाची येतात. फळ्यावर एक ‘ल’ आणि पुस्तकात दुसरा, असे झाले की पाच वर्षांच्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरे वाटतात.

या लेखात उदाहरण म्हणून मी स्वतः पुठ्ठ्यावर चित्रे चिकटवून केलेले एक छोटे पुस्तक घेते. मनी नावाची मांजर झोपायला जागा शोधते, एवढीच त्याची गोष्ट आहे:

मनी टोपलीत बसली. टोपली हलली.
मनी पोत्यावर बसली. पोते घसरले.
मनी सुपात बसली. सूप उलटले.
मनी सायकलवर बसली. सायकल पडली.
मनी चादरीवर बसली. चादर हलली नाही. मनी झोपली.

टोपली सुताच्या कांड्या ठेवायची आहे, पोते ज्वारीचे आहे आणि चादर मागावरून नुकतीच उतरलेली आहे. मुलांनी घरी पाहिलेल्या वस्तू चित्रांत असल्या की बोलण्यासाठी त्यांना ढकलावे लागत नाही.

पुस्तक मुलांपुढे नेण्याआधी ते स्वतः तीन वेळा वाचावे, त्यांपैकी एकदा तरी मोठ्याने. कुठे थांबायचे त्या तीन जागा पेन्सिलीने खूण करून ठेवाव्यात. नवे वाटतील असे दोन-तीनच शब्द निवडावेत (आमच्याकडे ‘सूप’ हा शब्द हमखास लागतो, कारण बऱ्याच मुलांच्या घरात आता ते उरलेले नाही). पुठ्ठ्याची चार बोटे रुंदीची पट्टी, कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या, पाटी, खडू आणि प्रत्येक मुलाला एक कोरा कागद एवढे साहित्य जवळ ठेवावे.

बसण्याची जागा ठरवताना उजेड पुस्तकाच्या पानावर पडेल असे पाहावे. खिडकीकडे पाठ करून पुस्तक धरले तर मुलांना पान काळे दिसते. शेजारी यंत्रमाग चालू असतील तर चित्रांवरच्या गप्पा आणि लेखन चालून जाते, परंतु चौथ्या टप्प्यातील ध्वनींचे काम त्या आवाजात मुळीच घेऊ नये. ‘ब’ आणि ‘भ’ यांतला फरक खडखडाटात मोठ्यांनाही कळत नाही.

टप्पा १. चित्रफेरी (पहिला दिवस)

या दिवशी एकही अक्षर वाचायचे नाही. मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत केवळ चित्रे पाहायची आणि बोलायचे. शक्य असल्यास मजकूर पुठ्ठ्याच्या पट्टीने झाकून ठेवावा, म्हणजे मोठ्या माणसालाही वाचण्याचा मोह होत नाही.

येथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘हे काय आहे?’ हा प्रश्न. त्याचे उत्तर एका शब्दात संपते आणि चित्रफेरीची तोंडी परीक्षा होते. त्याऐवजी ‘मनी इथे का बसली असेल?’, ‘टोपली हलली तेव्हा कोणाला कळले असेल?’, ‘पुढच्या पानावर काय होईल?’ असे प्रश्न विचारावेत. उत्तर आल्यावर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणू नये. ‘तुला चित्रात असे कुठे दिसले?’ असे विचारावे. पुढे मजकूर वाचतानाही आधार दाखवून बोलण्याची सवय लागते, ती या प्रश्नाने.

सोलापुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. पूर्व भागातील अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, काही घरांत कन्नड, काही घरांत दखनी उर्दू. एकदा मांजराच्या चित्राकडे बोट करून एक मुलगा ‘पिल्ली’ म्हणाला. मी लगेच ‘पिल्लू नाही, मोठी मांजर आहे’ असे दुरुस्त केले. तेलुगूत मांजराला पिल्ली म्हणतात, हे मला त्याच्या आईकडून कळले. तो पूर्ण बरोबर होता आणि त्यानंतर तासभर गप्प बसला. मुलाने घरच्या भाषेतला शब्द दिला तर तो स्वीकारावा, ‘तुझ्या घरी पिल्ली, पुस्तकात मांजर’ असे दोन्ही शब्द शेजारी ठेवावेत आणि पुढे जावे.

*तपासणी:* पुस्तक बंद करून कोणत्याही एका मुलाला गोष्ट सांगायला लावावी. कोणत्याही भाषेत, तुटक का असेना, घटनांचा क्रम आला तर पुढच्या टप्प्याकडे जावे. न आल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्रफेरीच घ्यावी.

टप्पा २. वाचून दाखवणे (दुसरा दिवस)

आज मोठ्या माणसाने वाचायचे आणि मुलांनी ऐकायचे. पहिल्या वाचनात मध्ये थांबू नये, गोष्टीला तिच्या वेगाने जाऊ द्यावे. दुसऱ्या वाचनात आधी खूण केलेल्या तीनच जागी थांबून कालचे अंदाज आठवावेत: कोणी काय म्हणाले होते आणि प्रत्यक्षात काय झाले.

नवा शब्द येतो तेव्हा त्याची व्याख्या सांगत बसू नये. चित्रातील सुपाकडे बोट दाखवून हाताने पाखडण्याची कृती करावी आणि वाक्य पुन्हा वाचावे.

*सावधान:* वाचताना मजकूर सोपा करून बोलू नये. छापलेले ‘पोते घसरले’ असेल तर ‘पोतं खाली पडलं बघा’ असे म्हणू नये. लिहिलेले शब्द प्रत्येक वेळी तेच राहतात, ही वाचनाची पहिली जाणीव मुलाला याच दिवशी होत असते आणि आपण शब्द बदलले की ती होत नाही. बोलीतले ‘पोतं’ गप्पांमध्ये अवश्य यावे, वाचनात छापलेले यावे.

टप्पा ३. सोबत वाचणे (तिसरा दिवस)

आता मजकुराखाली बोट फिरवायचे. बोट शब्दाखाली ठेवावे आणि शब्द उच्चारून झाला की पुढच्या शब्दाकडे न्यावे. ‘मनी … बसली’ हे शब्द प्रत्येक पानावर येत असल्याने तिसऱ्या पानापासून मुले आपोआप साथ देऊ लागतात. तेथे आपला आवाज हळूहळू खाली आणावा.

मराठीत विभक्तिप्रत्यय किंवा ‘वर’सारखे शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून येते आणि जोडताना मूळ शब्दही बदलतो: पोते, पण पोत्यावर, चादर, पण चादरीवर, सूप, पण सुपात. मराठी घरातील मूल हे बोलता बोलता शिकलेले असते. घरी दुसरी भाषा बोलणारे मूल ‘पोतेवर’, ‘चादरवर’ म्हणते आणि ‘मनी बसला’ असेही म्हणते. याला वाचनातील चूक मानू नये. त्याचे वाक्य संपू द्यावे आणि पुढचे बोलणे म्हणून आपण सहज ‘हो, मनी चादरीवर बसली’ असे म्हणावे. नियम सांगू नये आणि पुन्हा म्हणायलाही लावू नये. सहा दिवसांत हीच वाक्ये तीस-चाळीस वेळा कानावर पडतात, त्यांतून बरेच काम होते.

*तपासणी:* ‘या पानावर “बसली” कुठे लिहिले आहे?’ असे विचारावे. मुलाने पहिल्या शब्दापासून म्हणत म्हणत बोट तिथे आणले तरी चालेल. बोट कुठेही ठेवले तर हा टप्पा आणखी एक दिवस घ्यावा.

टप्पा ४. ध्वनी आणि अक्षर (चौथा दिवस)

घाई सर्वाधिक नुकसान करते ती येथे, म्हणून हा टप्पा दोन भागांत करावा.

पहिला भाग केवळ कानाचा आहे. पाटी, पुस्तक, खडू सर्व बाजूला ठेवून शब्दांवर टाळ्या वाजवाव्यात. ‘मनी’ला दोन टाळ्या पडतात आणि अक्षरेही दोनच आहेत, त्यामुळे सुरुवात येथून करावी. ‘बसली’ला मात्र बोलताना दोनच टाळ्या पडतात, बस-ली, कारण मधल्या ‘स’मधला ‘अ’ आपण उच्चारत नाही. लिहिताना अक्षरे तीन होतात. अनेक शिक्षिका मुलांकडून ब-स-ली अशा तीन टाळ्या जबरदस्तीने वाजवून घेतात आणि मूल स्वतःच्या कानावर अविश्वास दाखवू लागते. आधी बोलण्याप्रमाणे टाळ्या घ्याव्यात, मग फळ्यावर शब्द लिहून प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवत सावकाश वाचावा आणि ‘लिहिताना एवढी अक्षरे लागतात’ असे साधेपणाने सांगावे. त्यानंतर पहिला ध्वनी ओळखण्याचा खेळ घ्यावा: ‘मनी’सारखा सुरू होणारा शब्द सांगा. मासा, मका, मामा अशी उत्तरे आली की कान तयार झाला.

चार वर्षांच्या मुलांसाठी या दिवशीचे काम येथेच थांबवावे.

दुसरा भाग अक्षरांचा. संपूर्ण बाराखडी काढून बसू नये. ‘मनी बसली’ या दोन शब्दांतून म, न, ब, स, ल ही पाच अक्षरे मिळतात. त्यांत काना आणि दीर्घ वेलांटी मिळवली की मुलांना चिठ्ठ्या जुळवून बस, मन, मासा, लाल, मान, सामान, सलाम असे कितीतरी शब्द स्वतः करता येतात. आमच्या गटात ‘मसाला’ जुळला तेव्हा एका मुलीने घरातील पाकीट आणून त्यावरचा शब्द सर्वांना वाचून दाखवला. पुस्तकात नसलेला शब्द मुलाने वाचला, तर अक्षर खरोखर आले असे समजावे.

या भागात तीन गोष्टी टाळाव्यात:

1. ‘म’ आणि ‘भ’, ‘ब’ आणि ‘व’, ‘घ’ आणि ‘ध’ अशा जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नयेत. एक अक्षर पक्के झाल्यावरच त्याचे जुळे भावंड आणावे.

2. ह्रस्व वेलांटी या पुस्तकासोबत आणू नये. ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चार मात्र अक्षरानंतर होतो. डावीकडून उजवीकडे वाचण्याची शिस्त नुकतीच लागलेल्या मुलाला हे उलटे वाटते. दीर्घ वेलांटी पक्की झाल्यावर दुसऱ्या पुस्तकातून ती घ्यावी.

3. ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार एकदम देऊ नयेत. ‘चिमणी’तला च वेगळा आणि ‘चमचा’तला वेगळा. पुस्तकात जो आधी आला असेल तोच घ्यावा.

तेलुगू बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत आणखी एक सूचना. त्या भाषेतील अस्सल शब्दांत ख, घ, भ असे महाप्राण (श्वास जोराने सोडून उच्चारायचे) ध्वनी फारसे येत नाहीत, त्यामुळे ‘भात’ आणि ‘बात’ यांत ते गोंधळले तर आधी तोंडासमोर कागदाची चिठ्ठी धरून दोन्ही शब्द म्हणायला लावावेत. ‘भ’ म्हणताना चिठ्ठी अधिक हलते, हे त्यांना डोळ्यांनी दिसते.

टप्पा ५. मुलाने स्वतः वाचणे (पाचवा दिवस)

आतापर्यंत चित्र हा आधार होता. आज तो काढून घ्यायचा. पुठ्ठ्याची पट्टी चित्रावर ठेवून केवळ मजकूर दिसेल असे करावे, नाहीतर मूल सायकलचे चित्र पाहून ‘सायकलवर’ म्हणते आणि आपण ते वाचन समजतो. वाक्य वाचून झाल्यावर पट्टी उचलावी आणि चित्र पाहून आपले वाचन जुळते का, हे मुलानेच ठरवावे.

मूल शब्दावर अडले तर मदतीचा क्रम असा ठेवावा. प्रथम मनात पाचपर्यंत मोजून गप्प राहावे. हेच सर्वांत कठीण जाते. मग ‘पहिले अक्षर कोणते?’ असे विचारावे. त्यानंतर शब्दाचा उरलेला भाग बोटाने झाकून एकेक अक्षर उघडत जोडायला सांगावे. शब्द जुळला की वाक्य सुरुवातीपासून वाचायला लावावे आणि ‘अर्थ लागतो का?’ असे विचारावे. एवढ्यानेही झाले नाही तर शब्द सांगून टाकावा, त्यात कमीपणा नाही. जी अक्षरे शिकवलीच नाहीत (‘पोत्यावर’मधला ‘त्या’, ‘झोपली’मधला ‘झो’), तेथे मुलाला झगडायला न लावता आपणच तो शब्द वाचावा.

*सावधान:* इतर मुले उत्तर ओरडून सांगत असतील तर वाचणाऱ्या मुलाला शेजारी घेऊन बसावे आणि बाकीच्यांना चिठ्ठ्यांचा खेळ द्यावा.

*तपासणी:* ‘मनी चादरीवर बसली’ हे वाक्य कोऱ्या कागदावर लिहून द्यावे, नंतर शब्द उलटसुलट करून ‘बसली मनी’ असे लिहून द्यावे. पाठ झालेले मूल दोन्ही वेळा पुस्तकातलेच वाक्य म्हणते. वाचणारे मूल दुसऱ्या वेळी थबकते आणि बहुधा हसते.

टप्पा ६. लेखन (सहावा दिवस, जमल्यास सातवाही)

लेखन म्हणजे पुस्तकातील वाक्य पाच वेळा उतरवून काढणे, असा समज घराघरांत आहे. त्याने हात दुखतो आणि अक्षर थोडेफार सुधारते. आपल्या मनातले कागदावर कसे आणायचे ते मात्र येत नाही. म्हणून लेखनाची सुरुवात नव्या पानाने करावी. ‘मनी आणखी कुठे बसली असेल?’ असे विचारून प्रत्येकाला आपल्या पानाचे चित्र काढू द्यावे. चित्र काढता काढता मूल वाक्य जुळवत असते, त्यामुळे या दहा मिनिटांत त्याच्याशी बोलू नये.

चित्र झाल्यावर मुलाने वाक्य तोंडी सांगायचे. चार-पाच वर्षांच्या मुलाचे वाक्य आपण त्याच्यासमोर, शब्द उच्चारत, जसेच्या तसे लिहावे. सहा-सात वर्षांच्या मुलाने स्वतः लिहावे: प्रथम वाक्यातील शब्द बोटांवर मोजावेत, तेवढ्या छोट्या रेघा कागदावर आखाव्यात आणि प्रत्येक रेघेवर एक शब्द लिहावा. शब्दांत जागा सोडण्याची अडचण या रेघांनी बहुतांशी सुटते.

अक्षर काढताना वळणाचा क्रम पहिल्यापासून नीट लावावा. म, न, ब, स या चारही अक्षरांत डावा भाग आधी, उजवीकडचा उभा दंड नंतर आणि शिरोरेषा शेवटी येते. शब्दाची सर्व अक्षरे लिहून झाल्यावर एकच सलग शिरोरेषा द्यावी. अनेक मुले आधी लांब रेघ ओढतात आणि तिला अक्षरे लटकवतात. मग रेघ पुरत नाही किंवा उरते. पाकळीयुक्त ‘ल’ला असा दंड नसल्याने तो स्वतंत्रपणे पाटीवर गिरवून घ्यावा.

दुरुस्ती किती करावी, हा प्रश्न येथे येतो. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा, म्हणजे जत्रा, भरला होता तेव्हा एका मुलीने लिहिले: ‘मनी गडयात बसलि. पाळना फिरला.’ या दोन ओळींत तीन चुका आहेत, परंतु तिला कोणीही न शिकवलेले ‘गड्ड्यात’ हे जोडाक्षर तिने कानाने ऐकून आपल्या परीने लिहायचा प्रयत्न केला आहे आणि गोष्टीची धाटणीही अचूक पकडली आहे. लाल पेनाने सर्व दुरुस्त केले असते तर पुढच्या आठवड्यात तिने ‘मनी टोपलीत बसली’ एवढेच सुरक्षित वाक्य लिहिले असते. अशा वेळी जे शिकवून झाले आहे तेवढेच दुरुस्त करावे. ‘बसली’ हा शब्द पुस्तकात प्रत्येक पानावर आहे. तो उघडून ‘तुझ्या शब्दाशी ताडून बघ’ म्हणावे, वेलांटी तिची ती बदलते. ‘ण’ आणि जोडाक्षर तसेच राहू द्यावे.

*तपासणी:* मुलाला आपलेच पान दुसऱ्या दिवशी वाचायला द्यावे. वाचता आले तर लेखन झाले. स्वतःलाच लागत नसेल तर अक्षरे जुळवण्याचा चिठ्ठ्यांचा खेळ पुन्हा घ्यावा.

पुस्तक कधी बदलावे

मुले चित्र झाकून निम्म्याहून अधिक वाक्ये वाचू लागली आणि प्रत्येकाचे एक पान तयार झाले की नवे पुस्तक काढावे. ते निवडताना आधीच्या पाच अक्षरांपैकी बरीच अक्षरे पुन्हा येतील आणि दोन-तीनच नवी असतील असे पाहावे. जुने पुस्तक कपाटात बंद करू नये, हाताला लागेल अशा उंचीवर ठेवावे; मुले ते आपणहून पुन्हा काढतात आणि धाकट्या भावंडांना वाचून दाखवतात.

मुलांनी केलेली पाने एकत्र करून जाड दोऱ्याने शिवावीत. वर पुठ्ठा लावून मुखपृष्ठावर सर्वांची नावे त्यांच्याच हातांनी लिहून घ्यावीत आणि हे पुस्तकही त्याच ठिकाणी ठेवावे. पुढच्या गटाची चित्रफेरी याच पुस्तकाने सुरू करता येते.